एक जानेवारी ते पाडवा: तब्येतीचं झेपणारं ध्येय कसं ठरवायचं

साताऱ्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. जानेवारीचा पहिला पंधरवडा म्हणजे आमची सुगी. सकाळी सातला शटर वर जायच्या आधीच पायरीवर माणसं बसलेली असतात, मफलर गुंडाळून, उपाशीपोटी, जरा चिडलेली. रिपोर्ट हातात पडला की त्यातली निम्मी काउंटरवरच संकल्प सोडतात. "ताई, शुगर बॉर्डरला आली की हो. आता गोड बंद, भात बंद, रोज सकाळी अजिंक्यतारा. पंधरा दिवसांनी परत टेस्ट करू ना?"

मी सांगते, पंधरा दिवसांनी येऊ नका. आमच्या मालकांना हे वाचून काय वाटेल ते वाटो.

कारण असं. ज्या टेस्टला सगळे ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणतात, त्या एचबीएवनसीसाठी आम्ही जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त घेतो. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्या काळात पेशीतल्या हिमोग्लोबिनला रक्तातली साखर हळूहळू चिकटत जाते, आणि किती टक्के हिमोग्लोबिनला ती चिकटली आहे ते ही टेस्ट मोजते. म्हणजे पंधरा दिवस तुम्ही कितीही मन मारून राहिलात तरी ट्यूबमध्ये बहुतेक पेशी दिवाळीनंतरच्याच असतात. आकडा हलत नाही, माणूस खट्टू होतो, आणि तिळगुळाच्या पहिल्या वाटीपाशी सगळं सुटतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं: नव्या वर्षाचं ध्येय वर्षभराचं ठेवूच नका. कॅलेंडर उघडा. एक जानेवारी ते गुढीपाडवा हे अंतर थोडंफार मागेपुढे धरून तीन महिन्यांच्या आसपास येतं. तेवढंच ठरवा. पुढचं पुढे.

आधी आठ दिवस काहीच बदलू नका

हे ऐकून लोक गोंधळतात. अंगात जोश आहे, नवे बूट आलेत, आणि ही बाई म्हणते थांबा. पण तुम्ही आत्ता कुठे उभे आहात हे माहीत नसेल तर कुठवर जाणं झेपेल ते ठरवणार कसं? एक वही घ्या, पोरांची जुनी अर्धवट राहिलेली चालेल. आठ दिवस फक्त लिहा: किती वाजता उठलो, किती वाजता झोपलो, चहा किती कप आणि कपात साखर किती, बाहेर काय खाल्लं, किती चाललो. त्यावर शेरे मारू नका. वही कुणाला दाखवायची नाही, त्यामुळे वडापाव लपवायचं कारण नाही.

त्याच आठवड्यात तीन मापं घ्या. पहिलं कंबरेचं. शिंप्याची टेप घ्या, सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरा, श्वास सोडा आणि वाचा. पोट आत ओढायचं नाही. पुरुषमंडळी हमखास ओढतात. आपल्याकडच्या लोकांसाठी पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. त्याच्या वर असेल तर पोटात चरबी साठते आहे असं समजायचं, मग हातपाय काडीसारखे का असेनात.

दुसरं वजन. आठवड्यातून एकदाच, सकाळी संडासला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर. रोज काट्यावर उभं राहिलात तर पाण्यामिठाने होणारी किलोभराची चढउतार बघून उगीच जीव टांगणीला लागतो.

तिसरं बीपी, आणि यात घोळ फार. जिना चढून आल्या आल्या, चहा पिऊन, गप्पा मारत मोजलेलं बीपी खरं नसतं. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय टाकलेला नको, दंड छातीच्या पातळीला. मोजायच्या अर्धा तास आधी चहा आणि तंबाखू नको. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा.

रक्ताच्या टेस्टचं म्हणाल तर ऐंशी-नव्वद टेस्टच्या पॅकेजची गरज बहुतेकांना नसते. त्यातली एखादी गोष्ट उगीच रेषेच्या बाहेर निघते आणि घरात काळजी शिरते. तिशी-पस्तिशी ओलांडलेल्या साध्या माणसाला हिमोग्लोबिन, उपाशीपोटीची (फास्टिंग) आणि तीन महिन्यांची शुगर, कोलेस्टेरॉलचा पट आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन एवढ्यात चांगला अंदाज येतो. बाकीचं तुमचे डॉक्टर सांगतील तसं. उपाशी यायचं म्हणजे आठ ते दहा तास. साधं पाणी चालतं, प्या, शीर सापडायला मलाही बरं पडतं. जेवणानंतरच्या शुगरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नव्हे. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देतानाच सांगा, त्याने थायरॉइडसारख्या काही टेस्टचे आकडे चुकू शकतात.

आणि टेस्टच्या आधी तीन दिवस गोड बंद करून येणाऱ्या हुशार लोकांनो, त्याने फास्टिंग थोडी गोड बोलेलही, पण जांभळी ट्यूब बोलायचं ते बोलतेच.

तीन महिन्यांच्या शुगरचे आकडे असे वाचायचे: ५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर, ६.५ किंवा वर म्हणजे मधुमेह, आणि त्याची खात्री डॉक्टर पुन्हा तपासून करतात. फास्टिंग १०० च्या खाली ठीक, १०० ते १२५ उंबरठा. एक बारकावा बायकांनी लक्षात ठेवावा. शरीरात लोह कमी असेल तर तीन महिन्यांची शुगर आहे त्यापेक्षा थोडी जास्त दिसू शकते. हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि शुगर ५.९, असा रिपोर्ट घेऊन हबकलेल्या कितीतरी जणी मी पाहते. त्यांचं पहिलं ध्येय साखर सोडणं नसतंच. डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी तीन महिने न चुकता घेणं हे असतं. गोळी आणि चहा यांच्यात तास-दोन तासांचं अंतर ठेवा, चहाने लोह नीट शोषलं जात नाही. सोबत लिंबू चालेल. शौचाला काळं होतं म्हणून आठव्या दिवशी गोळी बंद करणाऱ्या खूप. ते काळं होणं त्या गोळीचंच असतं. पोट फारच बिघडलं तर डॉक्टर गोळी बदलून देतात, ती आपली आपण बंद करायची नसते.

मुक्कामी गाडीचा ड्रायव्हर आणि त्याचा चहा

आता ध्येय कसं बसवायचं ते एका माणसावरून सांगते. एसटीत ड्रायव्हर, पंचेचाळिशीचा, कंबर ९८, तीन महिन्यांची शुगर ६.१. रिपोर्ट घेऊन म्हणाला, "रोज पहाटे पाचला उठून पळणार."

"ड्युटी कशी असते?"

"आठवड्यातून तीनदा मुक्कामी गाडी. पहाटे साडेपाचला गाडी काढायची."

"मग पळणार कधी?"

तो हसला. त्याचं ध्येय वाईट नव्हतं, पण ते ज्याला पहाटे पाचला दुसरं काही काम नसतं अशा माणसाचं होतं. आठ दिवस वही लिहून आण म्हटलं. आणली. त्यात जेवण अगदी नेटकं होतं: बायकोने दिलेली भाकरी, भाजी, कांदा. पण चहा दिवसाला सात-आठ कप. घरचा, कॅन्टीनचा, कंडक्टरने पाजलेला, मुक्कामाच्या गावी सरपंचाच्या घरचा. कपात साखर दोन चमचे. चमचा पाच ग्रॅमचा धरा, सत्तर-ऐंशी ग्रॅम साखर नुसती चहातून. वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत आणि जमलं तर २५ च्या आसपास असावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि हा माणूस मला सांगत होता, "मी गोड खातच नाही."

चहा सोड असं मी त्याला सांगितलं नाही. ड्रायव्हरला चहा सोडायला सांगणं म्हणजे शब्द वाया घालवणं. त्याच्याच वहीतून तीन ओळी निघाल्या. घरचा चहा बिनसाखरेचा, कारण तो त्याच्या हातातला. ड्युटीवर चहा दोनदाच, कारण बाहेर साखर उकळतानाच पडलेली असते. आणि गाडी स्टँडला लागली की आधी स्टँडच्या आवाराला दोन फेऱ्या, मग काय ते बसणं. फेऱ्यांना वेगळी वेळ काढायची नव्हती, थांबा त्याला मिळतोच.

यात बघण्यासारखं असं की एकाही ओळीत वजन नाही, शुगरचा आकडा नाही. आकडा आपल्या हातात नसतो. चहाचा कप असतो. ‘दहा किलो कमी करणार’ हे वाक्य सकाळी उठून करायचं काय, ते सांगतच नाही. ‘दुपारच्या थांब्याला दोन फेऱ्या’ हे वाक्य कुठे, कधी आणि काय हे तिन्ही सांगतं. तुमचं ध्येय लिहून झालं की या तीन प्रश्नांवर घासून बघा. मग आणखी एक विचारा: अंग मोडून आलंय, पाहुणे आलेत, लाइट गेलीय, अशा दिवशीही हे होईल का? होणार नसेल तर अर्धं करा. पंचेचाळीस मिनिटांऐवजी पंधरा. लाज वाटेल इतकं छोटं वाटलं तरी चालेल.

पाडव्यानंतर तो आला तेव्हा शुगर ५.९ होती. वजन जवळजवळ तेवढंच, आणि त्याचं तोंड उतरलेलं. मी त्याला पट्टा बघायला सांगितला. जुन्या भोकाभोवती चामडं झिजून पांढरं पडलं होतं आणि बक्कल पुढच्या भोकात गेलं होतं.

वजनाचं एवढं मनाला लावून घेऊ नये याला आपल्या देशातला पुरावा आहे. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने शुगर उंबरठ्यावर असलेल्या ५३१ माणसांवर तीन वर्षं अभ्यास केला. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आहार आणि चालणं सुधारलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, आणि त्यांचं वजन काही फारसं उतरलेलं नव्हतं. अमेरिकेतल्या २००२ च्या मोठ्या अभ्यासात प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं; तिथे ध्येय होतं ७ टक्के वजन कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम. सात टक्के म्हणजे ८० किलोच्या माणसाला साडेपाच किलो. मोठमोठ्या डॉक्टरांनी, आहारतज्ज्ञ हाताशी असताना ठेवलेलं ध्येय जर एवढंच होतं, तर आपण एकट्याने तीन महिन्यांत पंधरा किलोच्या गोष्टी कशाला कराव्यात? ज्यांना वजन उतरवायचंच आहे त्यांनी पाडव्यापर्यंत तीन-चार किलो धरावेत.

मिठाची पुडी आणि तेलाचा डबा

बीपीवाल्यांना सगळे सांगतात मीठ कमी करा. पण किती खातो हे कळणार कसं? आमटीत मीठ चिमटीने पडतं, ते कुणी तोलत नाही. माझा सोपा मार्ग: मिठाची एक किलोची पुडी फोडाल त्या दिवशी तिच्यावर पेनाने तारीख घाला. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा. चार माणसांच्या घरात महिन्याला ६०० ग्रॅम. तुमची पुडी महिन्यात संपत असेल तर माणशी आठ ग्रॅमच्या वर चाललंय. लोणचं, पापड, फरसाण, बाहेरची मिसळ यांतलं मीठ यात धरलेलंच नाही. मग ध्येय असं लिहायचं: पुढची पुडी दहा दिवस जास्त पुरवायची. सुरुवात कणकेतल्या आणि भातातल्या मिठापासून करा, तिथे ते कमी झालेलं पंधरा दिवसांत कुणाच्या ध्यानातही राहत नाही. ताटात वेगळं मीठ वाढणं बंद करा. पापड जेवणाला रोज लागतोच असं नाही.

तेलाच्या डब्याचंही तसंच. डबा फोडल्याची तारीख झाकणावर लिहा आणि पुढचा डबा आठवडाभर जास्त चालवा. तळण बंद करायची शपथ घेऊ नका, संक्रांत आहे, शिमग्याची पोळी आणि कटाची आमटी आहे, त्यासोबत भजी-कुरडई होणारच. पण पळीने ओतायचं ते चमच्याने घाला.

इथे मला जरा कडक बोलायचं आहे. घरातल्या पुरुषाचा नवा वर्षसंकल्प हा बहुतेक वेळा बायकोचं वाढीव काम असतो. त्याने ठरवायचं ‘मी आता ज्वारीची भाकरी आणि मोडाची उसळच खाणार’, आणि तिने सकाळी एकीकडे पोरांच्या पोळ्या लाटायच्या, दुसरीकडे भाकऱ्या थापायच्या. हे दोन आठवडे चालतं. म्हणून खाण्याचं ध्येय एकट्याचं ठरवू नका. चुलीपाशी जी व्यक्ती उभी असते तिला विचारून ठरवा, आणि त्यातला एक तरी भाग स्वतःच्या हाताने करायचा ठेवा. मटकी रात्री भिजत घालणं आणि सकाळी फडक्यात बांधणं याला कुठलीही कला लागत नाही. काकडी-गाजर चिरायलाही नाही. सगळ्यांच्याच ताटात भात एक वाटी कमी आणि उसळ एक वाटी जास्त झाली, तर वेगळा स्वयंपाक करावाच लागत नाही.

चालायचं तर सपाटीने सुरू करा

दर जानेवारीत अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला नवे बूट दिसतात. चांगली गोष्ट आहे, हवा छान असते. पण वर्षभर खुर्चीत बसलेला माणूस पहिल्याच दिवशी गड चढतो आणि उतरताना गुडघ्यावर बसतो. चढणीला दम लागतो. गुडघा दुखतो तो उताराला. तिसऱ्या दिवशी मलम, चौथ्या दिवशी बूट खाटेखाली.

पहिले तीन-चार आठवडे सपाट रस्ता. वहीत तुम्ही आत्ता किती चालता ते लिहिलेलं आहे. त्यात दहा-पंधरा मिनिटं घाला, त्याहून जास्त नको. दर पंधरवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवा. पोहोचायचं कुठे? आठवड्याला १५० मिनिटं, असं जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना सांगते. वेग इतका की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. दहा हजार पावलांचं भूत डोक्यातून काढा. १९६५ मध्ये जपानमधल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं तेव्हा त्याच्या नावात हा आकडा होता. कुणा डॉक्टरने मोजून काढलेला नव्हे. तीन हजार चालणाऱ्याने साडेचार हजार केले की तब्येतीला ते कळतं.

शुगरवाल्यांना जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटं सगळ्यांत उपयोगी पडतात, कारण जेवणाने चढणारी साखर तेव्हाच स्नायू वापरतात. शतपावली आजोबा घालायचे, आपण मोबाईल घेऊन सोफ्यावर लवंडतो. गच्चीवर जा, बोळात जा, थंडी असेल तर घरातल्या घरात घाला.

पन्नाशीच्या पुढच्यांनी नुसतं चालून भागत नाही, पायात ताकद हवी. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं, दहा वेळा, आठवड्यातून दोन-तीन दिवस. सुरुवातीला सहा झाले तरी सहा. पहाटेच्या थंडीत बीपी चढलेलं असतं, तेव्हा बीपी-हृदयाचं दुखणं असणाऱ्यांनी ऊन पडल्यावर निघावं. पाचला उठूनच आरोग्य मिळतं असं कुठेही लिहिलेलं नाही. झोप मोडून पाचला उठणाऱ्याला मी तरी आधी झोप पूर्ण करायला सांगेन.

कॅलेंडरवर अडथळे आधीच मांडा

स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा आणि पाडव्यापर्यंतची पानं चाळा. संक्रांत, मग रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं. पौषात पालीच्या खंडोबाची यात्रा, मांढरदेवीची यात्रा, ज्यांच्या घरी असते त्यांच्याकडे पाहुण्यांची रीघ. रानात हुरडा. मग माघ-फाल्गुनात लग्नं, दहावी-बारावीच्या परीक्षा, शिमगा, आणि गावाकडे ज्वारीची काढणी. यातलं काहीही अचानक येत नाही, दरवर्षी येतं. तरी आपण ध्येय ठरवताना जणू काही हे तीन महिने मोकळे आहेत असं धरून चालतो.

या दिवसांवर आत्ताच पेन्सिलीने खूण करा आणि त्या दिवशीचा नियम वेगळा लिहा. गुळपोळी संक्रांतीला तुपासोबत खा, मनापासून खा. दुसऱ्या दिवशी डब्यात उरलेल्या चार खायच्या नाहीत एवढंच. हळदीकुंकवाला एका संध्याकाळी पाच घरं होतात. तिळगूळ नाकारायचा नसतो, पण पाचही तिथल्या तिथे तोंडात टाकायचे असंही नाही, पुडी पर्समध्ये जाते. लग्नात पंगतीला बसा, बुफेला उभं राहून तीनदा ताट भरू नका. काढणीच्या पंधरा दिवसांत चालायला जायचं नाव काढू नका. रानात दिवसभर वाकून काम करणाऱ्याला वेगळं चालायची गरजच नसते.

उपवासाचं मात्र बघायला हवं. आठवड्याला एक वार, महिन्याला दोन एकादशी आणि संकष्टी असे धरले तर महिन्यात सात-आठ दिवस होतात. एवढ्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वेफर्स खाऊन शुगर खाली यायची नाही. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. उपवास सोडा असं मी कुणाला सांगणार नाही. ध्येय असं करा की उपवासाला साबुदाणा एकाच वेळेला आणि वाटीभर. दुसऱ्या वेळेला वरीचा भात थोडा आणि दाण्याची आमटी जास्त, किंवा राजगिऱ्याची भाकरी, दही, काकडीची कोशिंबीर. सासूबाईंची हरकत यायला यात जागा नाही.

रोजच्या दिवशी काम झालं की त्या तारखेवर फुली मारा. एक दिवस चुकला तर चुकू द्या. लंडनमधल्या एका विद्यापीठाने सवयी कशा लागतात याचा अभ्यास केला होता. त्यात सवय अंगवळणी पडायला लोकांना १८ पासून २५४ दिवसांपर्यंत लागले, मधला आकडा ६६, आणि एखादा दिवस हुकल्याने फारसं बिघडत नव्हतं. ‘एकवीस दिवस करा, सवय लागते’ असं सांगणाऱ्यांना हे दाखवा. माझा स्वतःचा नियम एवढाच की लागोपाठ दोन तारखा कोऱ्या सोडायच्या नाहीत.

मिश्री, तंबाखू

आमच्या भागात मिश्री लावणाऱ्या बायका अजून खूप आहेत, आणि रिपोर्ट घेताना त्या हे कधीच सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते दात घासणं आहे. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. दिवसातून चार वेळा दात घासायला कुणाला लागतं? तुमचं ध्येय एकच ठेवायचं असेल आणि घरात तंबाखू, मिश्री, गुटखा किंवा बिडी असेल, तर बाकीचं सगळं बाजूला ठेवून तेच घ्या. इथे ‘थोडं थोडं’ माझ्या पाहण्यात कमी लोकांना जमतं. तारीख ठरवा, आदल्या रात्री डबी घराबाहेर टाका, घरातल्यांना सांगा. पहिला आठवडा चिडचिड होते, डोकं दुखतं, झोप बिघडते. हे होणारच म्हणून लग्नाच्या आठवड्यात तारीख धरू नका. सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. तिथे सल्ला मिळतो. सरकारी दवाखान्यातही विचारा.

आधी डॉक्टर, मग ध्येय

काहींनी वरचं काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटायलाच हवं. चढणीला छातीत भरून येणारे किंवा दुखणारे, गरोदर बायका, किडनीचं दुखणं असणारे. किडनीवाल्यांनी आणि बीपीच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी बाजारातलं कमी सोडियमचं मीठ विचारल्याशिवाय आणू नये, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं आणि ते त्यांना बाधू शकतं.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल आणि तुम्ही अचानक जेवण कमी करून चालणं वाढवलंत, तर शुगर नको इतकी खाली येऊ शकते. डोस किती ठेवायचा ते डॉक्टरांना आधी विचारा, आपल्या मनाने गोळी अर्धी करू नका आणि बंद तर नाहीच नाही. चालायला जाताना खिशात साखरेची पुडी ठेवा. दरदरून घाम आला, हात कापायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच बसा, तीन-चार चमचे साखर तोंडात टाका किंवा पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटं थांबा. बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच घ्या आणि कुणाला तरी बोलवा. माणूस शुद्धीवर नसेल तर त्याच्या तोंडात काहीही घालू नका, सरळ १०८ ला फोन लावा.